‘थांबा’ म्हणायला कोण शिकवणार?

एप्रिल उजाडला की मुलांच्या उन्हाळी शिबिरांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांचे माझ्या फोनवर ठरावीक निरोप यायला लागतात. ‘दादा, शनिवार-रविवार दोन्ही दिवस यायलाच हवं का? सोमवारी सबमिशन आहे.’ ‘दादा, मागच्या वर्षी मी होतो की शिबिराला, मला सगळं माहितीये, यंदा प्रशिक्षण नाही केलं तर चालेल ना?’ आणि एक हमखास, कुणातरी जुन्या कार्यकर्त्याचा: ‘अरे, आपण कुठे कसलं प्रशिक्षण घेतलं होतं? आपली शिबिरं झालीच की!’

झाली खरी. त्यातलं एक कसं झालं ते सांगतो.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मुळशी खोऱ्यातल्या एका गावात निवासी शिबिर, सहावी ते आठवीची ४२ मुलं, मी एका गटाचा दादा. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे नदीवर गेलो. पाणी गुडघाभर आहे असं गावकऱ्यांनी सांगितलं होतं आणि ते तेवढंच होतं. पलीकडे एक डोह होता, तिकडे कुणी जायचं नाही एवढी सूचना दिलेली होती. तासाभरानं शिबिरप्रमुखांनी हाक दिली, ‘चला रे, जेवण गार होतंय.’ ते आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, सगळ्यांचे लाडके, गाणं म्हणायला लागले की पोरं वेडी व्हायची. माझ्या गटात सात मुलं. मला सहा दिसत होती. सातवा दुसऱ्या गटाबरोबर पुढे गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ‘आले सगळे?’ त्यांनी विचारलं. ‘आले,’ मी म्हणालो.

पंगतीत एक ताट उरलं.

पुढची चाळीस मिनिटं मी त्या डोहाच्या काठावर होतो. गावातले दोघे पाण्यात उतरून पायानं तळ चाचपत होते. बाकी काही आठवत नाही. पाणी किती हिरवं होतं ते मात्र आठवतं. मुलगा सापडला तो शाळेच्या पडवीत, गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांच्या मागे, गाढ झोपलेला. त्याचं पोट दुखत होतं, तो नदीवर आलाच नव्हता. तसं त्यानं सकाळी एका ताईला सांगितलंही होतं. म्हणजे निघताना आम्ही मोजलं नव्हतं आणि परततानाही नाही. रात्री शेकोटीला नेहमीसारखी गाणी झाली. त्याच्या आईवडिलांना आम्ही काहीच सांगितलं नाही.

मला पोहता येत होतं. जखम बांधता येत होती. वीसेक खेळ आणि त्याहून जास्त गाणी पाठ होती. येत नव्हतं ते एवढंच, की ज्याला मी मानतो अशा मोठ्या माणसाला, सगळे भुकेले असताना, ‘दादा, थांबा, माझा एक कमी आहे’ असं म्हणणं. हल्ली उन्हाळी शिबिरांच्या स्वयंसेवकांसाठी जे दोन दिवसांचं निवासी प्रशिक्षण घेतलं जातं, किंवा ‘यंदा वेळ नाही’ म्हणून टाळलं जातं, त्याच्याविषयी मला जे म्हणायचं आहे ते या एका वाक्याभोवती आहे. ते दोन दिवस टाळता कामा नयेत. आणि त्यांत मुख्यतः हे वाक्य शिकवलं पाहिजे.

आता ‘आपण कुठे शिकलो होतो’ या प्रश्नाकडे येऊ, कारण तो अगदीच पोकळ नाही. महाराष्ट्राला शिबिरांचं वेड जुनं. ४ जून १९४१ ला पुण्यात राष्ट्र सेवा दलाची फेरउभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. तेव्हापासून शिबिर हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या घरात आला. मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या उन्हात कुदळ मारायला पोरं आपखुशीनं जाऊ लागली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना आली आणि सात दिवसांचं शिबिर कॉलेजच्या वेळापत्रकातच शिरलं. शिवाय संघाचे वर्ग, स्काउट-गाइडचे मेळावे, साने गुरुजी कथामाला, माणगावजवळ वडघरला गुरुजींच्या स्मारकावर होणारी शिबिरं. यातल्या कुठल्याही ठिकाणी दादा किंवा ताई एका रात्रीत होत नसे.

ते लोक शिकले होते. फक्त त्याला प्रशिक्षण म्हणत नसत. सहावीतला मुलगा रोज संध्याकाळी मैदानावर यायचा, आठवीत गेल्यावर त्याच्याकडे गटाची हजेरी यायची, दहावीनंतर त्याला शिट्टी मिळायची. शिबिरात तो पहिल्यांदा दादा होई तेव्हा त्यानं पाच-सहा वर्षं दुसऱ्यांचं दादापण बघितलेलं असे: कोण चिडतो, कोण आजारी मुलाजवळ रात्रभर बसतो, कोण नुसताच मिरवतो. ती शिडी आता बहुतेक ठिकाणी मोडली आहे. मैदानांवर गाड्या उभ्या असतात आणि सातवीतल्या मुलाची संध्याकाळ क्लासला गहाण असते. त्यामुळे आजचा स्वयंसेवक येतो तो मार्चमध्ये इन्स्टाग्रामवरची पोस्ट बघून. गूगल फॉर्म भरतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्याची आठ मुलं त्याच्या हवाली होतात. त्याची तळमळ कमी नसते, उलट कधीकधी आमच्यापेक्षा जास्तच असते. पण त्यानं कुणाला हजेरी घेताना पाहिलेलं नसतं. सहा वर्षांत जे अंगात मुरायचं ते दोन दिवसांत येणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून तर त्या दोन दिवसांत काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा कंजूषपणानं विचार करावा लागतो.

प्रत्यक्षात काय होतं? शनिवारी दहाला उद्घाटन ठरलेलं, ते साडेअकराला होतं. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, संस्थेचा इतिहास, मग पाहुण्यांचं बौद्धिक. दुपारी गाणी आणि खेळ. संध्याकाळी अनुभवकथन, ज्यात जुनी मंडळी ‘आमच्या वेळी’ सांगतात. रविवारी हस्तकला, शिबिराचं वेळापत्रक, टी-शर्ट वाटप, ग्रुप फोटो. प्रथमोपचाराला पाऊण तास, तोही ओळखीतल्या डॉक्टरांना वेळ मिळाला तर. मी स्वतः अशी कितीतरी प्रशिक्षणं भरवली आहेत, त्यामुळे हे टोमणे पहिल्यांदा मलाच लागतात. गाणी-खेळ हवेतच. पण आजच्या पोरांना खेळ यूट्यूबवर सापडतात. जे तिथे सापडत नाही ते आपण शिकवत नाही.

उदाहरणार्थ रात्र. शिबिरातली मुलं शाळेच्या फरशीवर अंथरूण टाकून झोपतात. महाराष्ट्रात माणसाला ठार करू शकणारे चार मुख्य साप म्हणजे नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार. यातली मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि बरेचदा ना सूज येते ना फारशी वेदना. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठतं, पापण्या जड झाल्यात म्हणतं. ज्या दादाला हे माहीत नाही तो त्याला लिंबू-सरबत देऊन परत झोपवतो. ज्याला माहीत आहे तो गाडी काढायला लावतो, आणि प्रतिसर्पविष जवळच्या कुठल्या दवाखान्यात आहे हे त्यानं आदल्याच दिवशी विचारून ठेवलेलं असतं. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हातपाय हलू न देता न्यायचं. हे सगळं सांगायला वीस मिनिटं लागतात. कोकणात शिबिर असेल तर लाल विंचवाची भर घाला. त्याच्या विषावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून असंख्य माणसं वाचवली, ही गोष्ट तर कुठल्याही बौद्धिकापेक्षा रंगते.

किंवा पाणी. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ शाळकरी मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. अशा बातमीनंतर आपण दोन दिवस ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वापरतो आणि मग पुढच्या सहलीची वर्गणी भरतो. मला त्या धक्क्यावरचा क्षण दिसतो. एकेक मूल चढतंय. कुणाच्या तरी मनात ‘आता बस’ येऊन गेलं असेल, नसेलही. पण ज्यानं ‘आता बस’ म्हटल्यावर बोट सुटूच शकणार नाही, असा अधिकार असलेला माणूस तिथे नव्हता, एवढं नक्की. पोहता येणं हा त्यावरचा इलाज नाही. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणारा पट्टीचा पोहणाराही बुडतो. म्हणून पोरांना आम्ही आधी काठी, दोरी, पिंप, जे हाताला लागेल ते फेकायला शिकवतो आणि उडी मारायला बंदी घालतो. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे मुलांना पाण्यात सोडायचंच नाही, असं ठरवण्याची मुभा. ती कुणाकडे असते? आपल्याकडे ती नेहमी सगळ्यात मोठ्या माणसाकडे असते, आणि तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरात टेम्पोवाल्याशी बोलत असतो.

उन्हाचं तसंच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर दुपारच्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ माणसं दगावली. ती तर मोठी माणसं होती. अकरा वर्षांचं पोर ‘मला कसंतरी होतंय’ म्हणतं तेव्हा खेळ ऐन रंगात आलेला असतो.

आणि एक विषय, जो आल्यावर सभागृहात हटकून खोकला सुरू होतो. २०१२ साली पॉक्सो कायदा आला. त्याच्या १९व्या कलमानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं, किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. यात संस्थेचा प्रमुख जसा येतो तसा वीस वर्षांचा फुकट राबणारा स्वयंसेवकही येतो. शिबिरात चौथ्या-पाचव्या रात्री मुलं मोकळी होतात. ‘ताई, एक सांगू? कुणाला सांगायचं नाही हं.’ ताई प्रेमानं म्हणते, ‘नाही सांगणार, शप्पथ.’ इथेच ती अडकते. आम्ही प्रशिक्षणात हे एकच वाक्य पन्नासदा म्हणून घेतो: ‘कुणाला सांगायचं नाही असं वचन मी देऊ शकत नाही, पण तू सांग, मी तुझ्या बरोबर आहे.’ म्हणायला सोपं आहे. एकदा करून बघा, समोर रडणारं मूल आहे असं समजून. आणि तक्रार जर शिबिरातल्याच एखाद्या लाडक्या दादाविषयी असेल तर? तेव्हा पुन्हा तोच प्रश्न येतो, मोठ्या माणसासमोर उभं राहण्याचा. मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. तो किती स्वयंसेवकांच्या फोनमध्ये साठवलेला असतो, हे कुणी आपापल्या शिबिरात विचारून बघावं.

लहानसहान गोष्टीही आहेतच. सहावीतल्या मुलीची पाळी शिबिरात पहिल्यांदा येते. ती घाबरून संडासातून बाहेरच येत नाही. ताई नदीवर गेलेली असते आणि दारात एकोणीस वर्षांचा दादा उभा असतो. त्याला पॅड कुठे ठेवलेत हे माहीत हवं, आणि चेहरा सरळ ठेवता यायला हवा. मागच्या एका प्रशिक्षणात मुलांनी यावर फिदीफिदी हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी वस्तूंच्या यादीत पॅड, कागदी पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं स्वतःहून लिहिली. हे दोन दिवस घेण्यामागे माझी अपेक्षा एवढीच असते. पहिल्यांदाचं हसणं, घाबरणं, गोंधळणं शक्यतो मुलं समोर नसताना होऊन जावं.

बाहेरच्या देशांत काय चालतं हे सांगताना मला नेहमी भीती वाटते, कारण लगेच ‘त्यांचं सोडा हो’ येतं. तरी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. फ्रान्समध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना शिबिरांना पाठवण्याची मोठी परंपरा आहे आणि तिथल्या ताई-दादांसाठी ‘बाफा’ नावाचं प्रमाणपत्र १९७३ पासून आहे. आठ दिवस शिक्षण, चौदा दिवस प्रत्यक्ष शिबिरात उमेदवारी, मग पुन्हा सहा ते आठ दिवस शिक्षण. ऐकून आपल्याला घाम फुटतो. पण नियम नीट वाचला तर त्यात शहाणपण दिसतं: प्रत्येकाकडे प्रमाणपत्र हवं असं तिथेही नाही. निम्मे प्रशिक्षित हवेत, काही उमेदवारी करणारे चालतात, आणि अगदी नवखे पाचातला एक, त्याहून जास्त नाहीत. जर्मनीत १९९९ पासून ‘युलाइका’ हे कार्ड आहे, त्याला किमान तीस तासिकांचं शिक्षण आणि प्रथमोपचार लागतो. म्हणजे साधारण दोन शनिवार-रविवार. आणि तिथल्या बऱ्याच राज्यांत अशा स्वयंसेवकाला नोकरीतून खास रजा मिळते. आपल्याकडे पहिल्या नोकरीला लागलेली पोरगी सिक लीव्ह टाकून शिबिराला येते आणि फोटोत दिसू नये म्हणून कॅमेऱ्यामागे लपते.

मग कायदाच करून टाकावा का? ब्रिटनमध्ये मार्च १९९३ मध्ये लाइम बे इथे कयाक सहलीत चार किशोरवयीन मुलं बुडाली आणि त्यानंतर १९९५ मध्ये अशा साहसकेंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. आपल्या राज्यानंही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. गिर्यारोहण, पाण्यातले खेळ यांच्यासाठी नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आले. ते ठीकच आहे. दोर लावून कड्यावर चढवायचं असेल तर परवाना हवाच. पण गावच्या शाळेत पाच दिवस मुलांना गोष्टी सांगणारं, शेण-मातीत हात घालायला लावणारं, ओढ्यावर नेणारं शिबिर त्यात कसं बसवणार? इथे मी कायद्याच्या बाजूनं नाही, आणि याचं कारण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. संगणकाचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले. कितीजणांना खरोखर संगणक आला हा प्रश्न मागे राहिला. उद्या ‘शिबिर-ताई प्रमाणपत्र’ सक्तीचं केलं तर परवा त्याची फी असेल, तेरवा त्याचा एजंट असेल, आणि वेल्ह्याची किंवा मोखाड्याची जी मुलगी आज आपल्याच पाड्यावरच्या पोरांना जमवून शिबिर घेते ती पहिल्यांदा बाहेर फेकली जाईल. ‘सेवाभाव मरेल’ असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. सेवाभाव इतका नाजूक नसतो. पण गरीब कार्यकर्ता मरेल ही भीती खरी आहे.

कायदा नको म्हणजे काहीच नको, असं मात्र नाही. सक्ती करायची असेल तर ती स्वयंसेवकावर नको, शिबिर भरवणाऱ्यावर हवी. तुझ्या शिबिरात निम्मे तरी ताई-दादा प्रशिक्षण घेतलेले आहेत का, हे त्यानं माहितीपत्रकावर छापावं. अगदी साधं, जेवण शाकाहारी आहे हे छापतात तसं. सरकारचा निरीक्षक नको, पालकांनी विचारावं. आज पालक काय विचारतात? संडास कमोडचा आहे का, फोनवर बोलता येईल का, फोटो रोज येणार का. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण रात्री माझ्या मुलाच्या खोलीत कोण असणार, आणि त्याला कुणी काय शिकवलंय, हा प्रश्न दहा वर्षांत मला दोन आयांनी विचारला. त्यातली एक परिचारिका होती.

पैशाचंही बोलायला हवं, जे आपल्या वर्तुळात अप्रशस्त मानतात. दोन दिवसांचं प्रशिक्षण म्हणजे तीसेक जणांचा प्रवास, चार वेळचं जेवण, जागा, प्रथमोपचार शिकवणाऱ्याचं मानधन. हा खर्च स्वयंसेवकाच्या खिशातून जाता कामा नये. ज्या संस्था लोकवर्गणीवर चालतात त्यांना तो जड जातो, हे मला माहीत आहे. त्यांनी तो शिबिराच्या शुल्कात उघडपणे धरावा, पालक देतात. पण हल्ली एक नवीच जात निघाली आहे: एसी बस, रिसॉर्ट, जाडजूड फी, आणि मुलांना सांभाळायला ‘व्हॉलंटियर’. कशाचा व्हॉलंटियर? मालक नफा कमावतो आणि बीएच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी ‘अनुभवासाठी’ चोवीस तास राबते. तिला पगार द्या आणि कामगार म्हणा. सेवा हा शब्द तिथे उसना आणला आहे, तो परत द्यावा.

आता वेळेचं. सबमिशनवाला मुलगा खोटं बोलत नाही. एप्रिल हा परीक्षांचा महिना आहे आणि दोन दिवस काढणं त्याला खरंच अवघड जातं. यावर एक वाट सरळ समोर आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास द्यायचे असतात. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रम आणि समाजकार्य यांना श्रेयांक आहेत. मग दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यानंतरचं आठवडाभराचं शिबिर या तासांत मोजायला अडचण काय? कितीतरी कॉलेजांत हे तास भिंती रंगवून आणि फेरीत फलक धरून भरले जातात. प्रशिक्षण जानेवारीत ठेवा, परीक्षेच्या तोंडावर नको. कॉलेजनं फक्त कागदावर सही करायची आहे.

आणि संस्थांनी हे एकत्र करावं. एका तालुक्यात तीन संस्थांची तीन शिबिरं असतात, प्रत्येकीकडे आठ-दहा नवे स्वयंसेवक. प्रत्येक संस्था स्वतंत्र प्रशिक्षण घ्यायचं ठरवते आणि मनुष्यबळाअभावी रद्द करते. एकत्र का बसत नाहीत हे उघड गुपित आहे. यांच्या गाण्यांना त्यांचा आक्षेप, त्यांच्या प्रार्थनेला यांचा. मी एकदा असा प्रयत्न केला होता. पहिल्या बैठकीत दीड तास सकाळची सुरुवात कशानं करायची यावर गेला, दुसरी बैठक झालीच नाही. अहो, बौद्धिकं आपापल्या घरी घ्या. मण्यार काही चावण्याआधी विचारसरणी विचारत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जवळच्या माणसांकडून येतो, म्हणून त्याला उत्तर देणं जड जातं. ‘पोरांना थांबवायला शिकवलंत तर शिस्त राहणार नाही. प्रत्येकजण शिट्टी वाजवत सुटेल. शिबिराला एकच प्रमुख हवा.’ यात तथ्य आहे. पन्नास मुलं आणि बारा दादा-ताया असताना लोकसभा भरवता येत नाही. पण आम्ही थांबवण्याचा अधिकार देतो, चालवण्याचा नाही. पुढे काय करायचं हे प्रमुखच ठरवतो. फक्त गटाच्या कुठल्याही दादानं वा ताईनं शिट्टी वाजवून ‘थांबा’ म्हटलं की सगळं थांबतं, आणि का थांबवलं हे आधी ऐकलं जातं, रागावणं नंतर. खोटी शिट्टी वाजली तर पाच मिनिटं जातात. गेल्या चार वर्षांत अशी पाच मिनिटं आमची पुष्कळदा गेली आहेत. एकदा ताईनं माकडाला बिबट्या समजून अख्खं शिबिर वर्गात कोंडलं होतं. आम्ही तिला हसलो, अजून हसतो. शिट्टी मात्र काढून घेतली नाही.

यंदाचं प्रशिक्षण भोरच्या पुढे एका आश्रमशाळेत झालं. ३१ जण. रविवारी दुपारी आम्ही एक सराव ठेवतो, ज्याची पोरांना कल्पना नसते. मागच्या ओढ्यावर सगळ्यांना खेळायला नेतो, एकाला आधीच गुपचूप सांगून कोठीघरात लपवतो, आणि मी घाईत असलेल्या शिबिरप्रमुखाचं सोंग घेतो. ‘चला रे, जेवण गार होतंय.’ हे वाक्य मी मुद्दाम तेच ठेवलं आहे. बहुतेक वर्षी सगळे मुकाट चालायला लागतात आणि जेवताना आम्ही त्यांना सांगतो की तुमचा एक हरवलाय. यंदा शिट्टी वाजली. एस. वाय. बी.कॉम.ची एक बारकीशी मुलगी, दोन दिवसांत तोंडातून शब्द न काढलेली. ‘दादा, थांबा. मोजायचंय.’

‘अगं आलेत सगळे,’ मी चिडून म्हणालो. सोंग म्हणून.

ती प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत गेली. स्वतःला धरून आकडा आला एकोणतीस. मी मनात हसलो, कारण यायला हवे होते तीस. एकच तर लपवला होता. ‘चुकलीस. परत मोज.’ तिनं परत मोजलं. एकोणतीस. आता मला खरोखर राग यायला लागला होता. ऊन होतं, भूक होती, आणि माझा आकडा मला पक्का माहीत होता. ‘दादा, एकोणतीसच आहेत,’ ती म्हणाली आणि सगळ्यांना आंब्याच्या सावलीत गटागटानं बसवलं. कोठीघरातला आला. तरी तीसच.

सबमिशनवाला गायब होता. एकाला सांगून बाराच्या एसटीनं निघून गेला होता आणि ज्याला सांगितलं तो विसरला होता. घाटात फोन लागेना. ओढ्याच्या वरच्या अंगाला दोघं, शाळेच्या मागे दोघं, फाट्यावरच्या टपरीवर एकजण, असं तिनंच माणसं पाठवली. मला विचारलं, पण पाठवून झाल्यावर. पावणेदोनला फोन लागला. तो भोरच्या स्टँडवर वडापाव खात होता. तोपर्यंत कोणी ताटावर बसलं नव्हतं.